त्रेचाळीस इंचांवर

‘भोक जमिनीपासून त्रेचाळीस इंचांवर होतं. लेखात उंची दिलेली नाही. वाचकांना उपयोग व्हावा म्हणून कळवत आहे.’

बुधवारी दुपारच्या चहाच्या वेळी ही प्रतिक्रिया तिच्या पडद्यावर उमटली आणि बिस्किटाचा भिजलेला अर्धा तुकडा कपात पडला. तो काढायचं तिला सुचलं नाही. कंपनीच्या ब्लॉगवरच्या त्या लेखाखाली शनिवारपासून दोनशे अठरा प्रतिक्रिया आल्या होत्या आणि त्या सगळ्यांना तिने कंपनीच्या वतीने, कंपनीच्या त्या ठरलेल्या मायाळू आवाजात उत्तरं दिली होती. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कुणाला आपले वडील आठवले होते, एकाने नुसतेच सात लाल बदाम पाठवले होते, आणि एक गृहस्थ बसवून देण्याचे वेगळे पैसे पडतात का ते विचारत होते. पण इंच कुणी दिले नव्हते. प्रतिक्रिया देणाऱ्याने नाव लिहिलं नव्हतं, फक्त फोटो होता, खिडकीतल्या कोरफडीचा. कुंडीला एका बाजूने चीर गेलेली आणि ती चीर तांब्याच्या तारेने नीट, समान अंतरावर तीन वेढे देऊन आवळलेली. ती तार कुणी आवळली आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे वडील जन्मभर एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची चित्रं काढत होते. त्यांच्या घरी कुंडीसुद्धा मोजमाप घेऊन दुरुस्त होत असे.

बाबा ब्लॉग वाचतात हेच मुळात नवीन होतं. पण बिस्किट कपात पडलं ते त्यामुळे नव्हे. बाबांनी ज्या भोकाची उंची कळवली होती ते भोक, तिच्या समजुतीप्रमाणे, तिने रचलेलं होतं.

समजुतीप्रमाणे. या शब्दापाशी ती अडली.

कंपनी कुलपं, कड्या, बिजागऱ्या आणि दाराला बसवायचं ते भिंग, म्हणजे मॅजिक आय, बनवत होती. कुलपाविषयी कुणी स्वखुशीने वाचत नाही. घरात चोर येऊन गेला की एकदा वाचतात, ते झालं. म्हणून मार्केटिंगच्या प्रमुख बाईंनी तीन वर्षांपूर्वी फर्मान काढलं होतं की वस्तूविषयी लिहायचंच नाही, माणसांविषयी लिहायचं आणि वस्तू हळूच शेवटी आणून ठेवायची. या बाईंना सगळे पाठीमागे आकडेबाई म्हणत, कारण त्यांना माणसाचं हसू दिसलं की त्या ते किती लोकांनी पाहिलं ते विचारत. त्यातून ‘दारामागच्या गोष्टी’ हे सदर निघालं आणि ते लिहिण्याचं काम हिच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला गंमत वाटली. मावशीने कडी लावून स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं होतं ती हकीकत, शेजारच्या काकूंची किल्ली सुपात सापडली ती हकीकत, अशा एकेक गोष्टी ती घरातून आणत गेली. लोक वाचत होते, हसत होते, एकमेकांना पाठवत होते, आणि शेवटच्या ओळीतल्या लिंकवरून काही जण खरंच कडी विकत घेत होते. दुसऱ्या वर्षी नातेवाईक संपले. मग तिने थोडंथोडं रचायला घेतलं. एकदा मावशीची तीच गोष्ट दोन वेगळ्या शेवटांनी छापून गेली आणि एका चाणाक्ष वाचकाने ती पकडली, तेव्हापासून ती कॉम्प्युटरवर एक तक्ता ठेवू लागली. गोष्ट, वस्तू, कुणाची, आणि शेवटच्या रकान्यात ‘ख’ किंवा ‘र’. खरी किंवा रचलेली. आकडेबाईंना या रकान्याचा पत्ता नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, “खोटं चालायचं नाही हं आपल्याला. खरं वाटलं पाहिजे.”

तिने तक्ता उघडला. शनिवारचा लेख. वस्तू : मॅजिक आय, पितळी कडा, नवीन मॉडेल. कुणाची : बाबा. शेवटचा रकाना रिकामा.

आता हे नवल होतं. एकशे अकरा गोष्टींमध्ये हा एकच रकाना रिकामा राहिला होता. विसरली म्हणावं तर ती असलं काही विसरणारी नव्हती, मोजमापाचा हट्ट तिच्याही रक्तात होता. तिने लेख पुन्हा वाचला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. आईबाबा दोघं कामाला. सात वर्षांची मुलगी बाराला शाळेतून येते, गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेल्या किल्लीने दार उघडते आणि चारपर्यंत घरात एकटी असते. दारावरचं भिंग मोठ्या माणसांच्या उंचीला. घंटा वाजली की ती स्टूल ओढत आणते, तोवर बाहेरचा माणूस निघून जातो. एका रविवारी बाबा काही न बोलता दारापुढे गुडघे टेकून बसतात, तिला समोर उभी करतात, पेन्सिलीने खूण करतात आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवर दुसरं भोक पाडतात. ‘त्या दिवशी मला कळलं, की घरातलं दार माझंसुद्धा आहे.’ मग लिंक.

शाळा खरी, किल्ली खरी, दोरा खरा. दोऱ्याचा रंग तिने लिहिला नव्हता पण तो निळा होता. स्टूल खरं. स्टुलापर्यंत सगळं खरं होतं, आणि मग लिहिता लिहिता हात थांबला नव्हता, सरळ रविवारमध्ये शिरला होता. पेन्सिलीची खूण करताना बाबा ती ओठांत धरतात हे तिने लिहिलं होतं. ते तिने पाहिलं होतं का? ओठांत पेन्सिल धरलेले बाबा तिने हजार वेळा पाहिले होते. पण दारापुढे? तिने डोळे मिटले. लाकडाचा भुसा, ड्रिलचा आवाज, मानेवर बाबांच्या श्वासाची ऊब, सगळं लगेच हजर झालं. इतकं लगेच, की त्याचाच संशय यावा. गेली तीन वर्षं ती हाक मारेल तेव्हा सगळंच हजर होत होतं. मावशीच्या न्हाणीघराच्या फरशीचा थंडपणासुद्धा ती सांगू शकली असती आणि त्या न्हाणीघरात तिने कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

“अगं, बघितलंस का?” आकडेबाई तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात फोन होता आणि चेहरा उजळला होता. “वडिलांनी स्वतः लिहिलंय! इंचांसकट! हे असं मागूनही मिळत नाही.”

“ते वडीलच आहेत कशावरून?”

“तू मागे सांगितलं होतंस ना, ते सगळं मोजतात म्हणून. मी काय विसरते होय? हे बघ, शुक्रवारी आपण व्हिडिओ करू. खरं दार, खरे वडील. ते गुडघे टेकून बसतील, तू शेजारी, भोकातून प्रकाश आत येतोय. बोलायचं काही नाही. आजवरचा सगळ्यात मोठा आकडा होईल हा, लिहून ठेव. दार तेच आहे ना अजून?”

“दार तेच आहे.”

“आणि भोक?”

तिने कपाकडे बघितलं. बिस्किटाचा पार लगदा झाला होता. “बघून सांगते,” ती म्हणाली. आकडेबाईंना हे उत्तर विचित्र वाटलं असणार, पण विचित्र वाटण्याइतका वेळ त्यांच्याकडे नसे.

तिने दादाला फोन लावला. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. तो त्या वर्षी दुसऱ्या गावी वसतिगृहात होता, तेव्हा तो साक्षीदार म्हणून फारसा कामाचा नव्हता. पण आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“दाराला दुसरं भोक? खाली?” दादा हसला. मग हसू थांबलं. “बाबा म्हणाले का तसं?”

“लिहिलंय त्यांनी. त्रेचाळीस इंच म्हणे.”

“हे बघ, मी तुला बोललो नव्हतो. गेल्या महिन्यात त्यांनी मला एकच गोष्ट दोनदा सांगितली. आणि आता न घडलेलं आठवायला लागले असतील, तर मग एकटं ठेवण्यात अर्थ नाही. मी त्यांना इकडे घेऊन येतो. डॉक्टरला दाखवू. घराचं नंतर बघू काय ते.”

“न घडलेलं कशावरून?”

“म्हणजे? तुला माहीत असेल ना घडलं की नाही ते. तू राहात होतीस तिथे.”

“मला माहीत नाही, दादा.”

“तुम्ही दोघंही तपासून घ्या,” दादा म्हणाला, आणि हे तो चेष्टेनेच म्हणाला होता, तरी फोन ठेवल्यावर तिला ते लागलं. भीती तिला बाबांसाठी वाटत होती हे खरं. एका रचलेल्या लेखामुळे त्यांचं घर सुटणार की काय, ही भीती. पण त्या भीतीच्या शेजारीच एक कुतूहल पाय पसरून बसलं होतं आणि ते काही केल्या उठेना. ते भोक तिथे निघालं तर? तर आपल्या आयुष्यात एक रविवार जास्तीचा होता आणि आपण तो खोटा समजून विकला.

गुरुवारी सकाळी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस पकडली. खिडकीजवळची जागा मिळाली. पुढच्या सीटवरची एक बाई फोनवर काहीतरी वाचत होती, बोटाने वर ढकलत, ढकलत, कुठेच न थांबता, आणि हिला सवयीने वाटलं की या बाईला थांबवायला पहिली ओळ काय हवी. पहिली ओळ तिला माहीत होती. ती तक्त्यात नव्हती. ती तिने तीन वर्षांत, नातेवाईक संपले तेव्हासुद्धा, बाहेर काढली नव्हती. ‘बाबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, ते दारावरून.’ आईने स्टूल खिडक्या पुसायला आतल्या खोलीत नेलं होतं. घंटा वाजली. तिने बाहेर कोण आहे ते न बघता दार उघडलं. मीटर बघायला आलेला माणूस होता. त्याने आकडा लिहून घेतला, पाणी मागितलं, तिने दिलं, तो प्यायला आणि गेला. बस. संध्याकाळी तिने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. पेला भरताना एक थेंबही सांडला नाही हेही सांगितलं. बाबा उठले, जवळ आले आणि त्यांनी तिच्या गालावर चापट मारली. मग ते गॅलरीत जाऊन उभे राहिले, बराच वेळ, पाठ करून. त्या दिवसापासून ती चारपर्यंत दाराशी जमिनीवर पालथी पडून राहू लागली आणि दाराखालच्या फटीतून पावलं बघू लागली. फरशी गालाला गार लागे, त्याच गालाला. कोण आलं ते तिला चपलांवरून कळे. बाबांची पावलं दारापाशी येऊन क्षणभर थांबत, घंटा न वाजवता. ते का थांबत हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. आताही माहीत नव्हतं. आणि तिथे पडल्या पडल्या ती मनात कितीदा तरी त्या दाराला भोक पाडत असे. आपल्या उंचीचं. मनात ते रोज बाबाच पाडून देत.

म्हणजे रचलेलंच होतं. पण शनिवारी नव्हे, चौतीस वर्षांपूर्वी. असल्या गोष्टीला ‘ख’ लावायचा की ‘र’, हे बसमध्येही ठरेना.

तीन जिने चढून ती दारापुढे उभी राहिली. घंटेकडे गेलेला हात खाली आला. दार तपकिरी, रंगाचे चारपाच थर चढलेलं, वरच्या बाजूला जुनं धुरकट भिंग. तिने नजर खाली आणली. तिच्या कमरेच्या जरा वर पितळेची एक गोल कडा चमकत होती.

आहे. एवढंच मनात आलं, आहे, आणि पाठोपाठ अंगभर असा आनंद पसरला की ती जिन्यातच हसली. दर पंधरा दिवसांनी ती इथे येत होती. आपल्याच घराच्या दाराकडे कुणी खाली वाकून बघत नाही, म्हणून दिसलं नसेल. चौतीस वर्षं ते इथे होतं आणि ती वरची घंटा वाजवून आत जात होती. ती वाकली. आणि मग तिला ती कडा ओळखू आली. कडेवर बारीक उभ्या रेघा होत्या. ‘बोटांतून न घसरणारी रेघांची कडा, दोनशे अंशांची नजर,’ हे शब्द तिनेच लिहिले होते, गेल्या महिन्यात, कंपनीच्या नवीन मॉडेलसाठी. ती तशीच वाकलेली राहिली. आनंद कुठे जावं ते न कळून तिथेच घुटमळला.

बाबांनी दार उघडलं. “अगं, तू आज? कामावर नाही गेलीस?” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता. आत टेबलावर पट्टी, पेन्सिल आणि एक जुनं पिवळं पुस्तक उघडं होतं. ते तिचं शाळेतलं प्रगतिपुस्तक होतं. इयत्ता दुसरी. मार्कांच्या खाली वजन, उंची. उंची एकशे एकोणीस सेंटिमीटर, आणि त्यापुढे पेन्सिलीने, ताज्या बारीक अक्षरात, इंच करून त्यातून डोळ्यांपर्यंतचे चार वजा केलेले. उंबऱ्याच्या खाचेत थोडा भुसा राहिला होता. केर त्यांनी काढला असणार, पण खाचेतला राहिला होता.

“बाबा, हे भोक कधी पाडलं?”

“ते होतंच की. तू लिहिलंयस.”

“बाबा.”

त्यांनी चष्मा खाली घेतला, डोळ्यांवर बसवला, पुन्हा काढला. “मंगळवारी,” ते म्हणाले. “तुझ्या लेखाच्या खाली ते दाबायचं होतं ना, ते दाबलं. दोन दिवसांत घरी आलं. माल बरा आहे. पण सोबतचा कागद अगदीच भोंगळ, उंचीचा उल्लेखच नाही.”

ऑफिसात याची नोंद झाली असणार. लेख वाचून लिंकवर गेलेले इतके, त्यांपैकी विकत घेणारे इतके. आकडेबाईंच्या त्या आकड्यात एक बाबा होते. तिला हसावंसं वाटलं आणि हसू आलं नाही.

“मग ‘होतं’ असं का लिहिलंत? सगळ्यांसमोर?”

“तू सगळ्यांसमोर लिहिलंस म्हणून. इतकी माणसं वाचतायत. उद्या एखादा म्हणाला, दाखवा बघू, तर तू खोटी पडायला नकोस.” ते दाराकडे वळले आणि कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. “मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, आपण खरंच केलं की काय असं. मग म्हटलं, नाही, आपण नाही केलं. अर्ध्या तासाचं काम होतं गं. ड्रिल तेव्हाही घरात होतं.”

ती उंबऱ्याशी खाली बसली.

“चापट मात्र मारली होती,” बाबा म्हणाले. “ती तू लिहिली नाहीस.”

“लिहायला हवी होती का?”

“ते तुझं तू बघ. मला आठवते, एवढंच सांगतो. पेला भरताना सांडलं नाही म्हणून सांगत होतीस. त्या माणसाने पाणी पिऊन सरळ वाट धरली, ते तुझं नशीब, हे मला कुणाला सांगता येईना. नंतर कित्येक महिने मी दाराशी आलो की आधी कान लावून ऐकायचो, आत तू आहेस ना ते.” ते थांबले. “आहेस असं कळलं की मग घंटा.”

दादाला सांगायला हवं, तिच्या मनात आलं, की बाबांना सगळं आठवतं. काही म्हणजे काही विसरलेले नाहीत. आपला चेहरा बाबांना दिसू नये म्हणून ती खाचेतल्या भुशाची चिमूट उचलत बसली. बाबांनाही बहुधा तेच हवं होतं. “थांब,” ते एकदम लगबगीने म्हणाले, “तू आत राहा. मी बाहेर जाऊन उभा राहतो. मला एकट्याला तपासता येत नव्हतं. कुठपर्यंत दिसतं ते नीट सांग.” आणि चपला घालून ते बाहेर गेले, दार ओढून घेतलं.

फोन वाजला. आकडेबाई.

“बघितलंस का? कॅमेऱ्यावाल्याला उद्याचं सांगून ठेवलंय. भोक आहे ना?”

तिच्या समोर पितळेची कडा होती. आतल्या बाजूचं कापलेलं लाकूड अजून पांढरं होतं, त्याला रंग लावायचा राहिला होता. कॅमेऱ्यात छान दिसलं असतं. जरा रंग मारला की चौतीस वर्षांचंही दिसलं असतं, आणि बाबा काही एक न बोलता गुडघे टेकून बसले असते. तिच्यासाठी बसलेच असते.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे? बुजवलं का?”

“कधी नव्हतंच. ती गोष्ट मी रचली होती.”

“अगं पण वडिलांनी स्वतः...”

“वडिलांनी माझी बाजू सांभाळली.”

पलीकडे आकडेबाई आयुष्यात प्रथमच काही मोजत नसाव्यात. मग त्या म्हणाल्या, “लेख उतरवावा लागेल. आणि सोमवारी बसून बोलावं लागेल आपल्याला. आणखी किती आहेत अशा?”

“तक्ता आहे. पाठवते. सगळं लिहून ठेवलंय.” एक रकाना रिकामा आहे हे तिने सांगितलं नाही. तो तसाच राहणार होता. नोकरीचं काय होईल ते सोमवारी कळणार होतं आणि त्याची तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण हा रविवार, मंगळवारी घडलेला, तिला कुणाला वाचायला द्यायचा नव्हता.

घंटा वाजली.

ती दाराशी गुडघ्यांवर बसली. एक्केचाळिसाव्या वर्षी गुडघे फरशीवर टेकले की दुखतात, तसे दुखले. तिने डोळा लावला. आधी शर्टाचं एक बटण दिसलं, भलंमोठं, मग जिन्याचा कठडा, वाकडा होऊन दोन्ही बाजूंनी आत आलेला. मग बाहेरचा माणूस एक हात भिंतीला धरून हळूहळू वाकू लागला, आणि भिंगात त्याचं कपाळ आलं, चष्मा आला, आणि चष्म्याच्या आत, आपल्याला कुणी बघतंय की नाही हे न कळणारा, ताटकळलेला डोळा.

दार उघडायच्या आधी विचारायचं असतं.

“कोण आहे?” तिने विचारलं.

“मी आहे,” बाबा बाहेरून म्हणाले. “दिसतो का?”